चुनह्यांगचा नकार

होंग गिल-दोंगची गोष्ट कोरियात लहान मुलांनाही पाठ असते. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा, जादू येणारा, शेवटी स्वतःचं राज्य उभारणारा दरोडेखोर. पण या सगळ्या पराक्रमाच्या आधी, गोष्टीच्या सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग येतो. भर दुपारी गिल-दोंगच्या वडिलांना, म्हणजे एका मोठ्या मंत्र्याला, ड्रॅगनचं स्वप्न पडतं. असं स्वप्न ही पोटी थोर मुलगा येणार असल्याची खूण. मंत्री घाईघाईने बायकोच्या दालनात जातो आणि तिचा हात धरतो. ती हात सोडवून घेते. दिवसाउजेडी हे काय, तुमच्या पदाला तरी शोभतं का, असं सुनावते. मंत्री चरफडत बाहेर येतो. तेवढ्यात चुनसोम नावाची दासी चहा घेऊन येते. मंत्री तिला बाजूच्या खोलीत नेतो.

गिल-दोंग या दासीचा मुलगा. बापाला बाप म्हणता येत नाही आणि भावाला भाऊ, हे त्याचं दुःख सगळ्यांना माहीत असतं, कारण कोरियन भाषेत ते जवळजवळ म्हणीसारखं वापरलं जातं. चुनसोमच्या दुपारीबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. एकाच घरात, एकाच तासात, एकाच पुरुषासमोर दोन बायका उभ्या आहेत. एक 'नाही' म्हणू शकते. दुसरी काय म्हणाली हे कथा सांगतही नाही, कारण तिला कोणी विचारलेलंच नाही.

जुन्या कोरियन कथांमधलं 'निषिद्ध प्रेम' वाचताना मला हा प्रसंग राहून राहून आठवतो. आपल्यापैकी बरेच जण या विषयापर्यंत के-ड्रामामधून पोचलेले असतात. तिथे श्रीमंत वारस असतो, साध्या घरातली मुलगी असते, आणि कॅफेत बसून पैशांचं पाकीट पुढे सरकवणारी मुलाची आई असते. त्यामुळे जुन्या कथांमध्येही आपण तेच शोधतो. दोघांचं प्रेम आहे, मधे दर्जाची भिंत आहे, आता भिंत पडणार की नाही? पण 1392 साली सुरू झालेल्या जोसोन राजवटीत भिंतीची रचना वेगळी होती. यांगबान, म्हणजे परीक्षा देऊन सरकारी पदं मिळवणारा आणि जमिनी राखणारा वरचा वर्ग. या वर्गातल्या पुरुषाने खालच्या बाईवर प्रेम करण्याला कोणाची मनाई नव्हती. त्याने तिला रखेल म्हणून घरात ठेवलं तरी कोणाच्या कपाळावर आठी पडत नसे. मनाई दोनच गोष्टींना होती. तिने त्याची पत्नी होण्याला, आणि तिने त्याला नकार देण्याला. या कथांमधला खरा संघर्ष मला दुसऱ्या मनाईत दिसतो.

हे पटत नसेल तर 'कुउनमोंग' बघा. 'नऊ ढगांचं स्वप्न' असा त्या नावाचा अर्थ. किम मान-जुंग (1637-1692) या विद्वान दरबाऱ्याने ती हद्दपारीत असताना लिहिली. गोष्ट तांग काळातल्या चीनमध्ये घडते. नायक यांग सो-यूच्या आयुष्यात आठ स्त्रिया येतात. त्यात राजकन्या आहे, मोठ्या घरची मुलगी आहे, तिची दासी आहे, गणिका आहेत, मारेकरी म्हणून आलेली तलवारबाज आहे, एक ड्रॅगन राजाची मुलगीही आहे. समाजाची सगळी उतरंड एकाच अंगणात! आणि भांडण? शून्य. दोघी पत्नी होतात, सहा जणी रखेली होतात, आठही जणी एकमेकींना बहिणी मानतात. कुठलंच प्रेम निषिद्ध ठरत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या पायरीवर निमूट उभी राहते. कादंबरी सुंदर आहे. शेवटी हे सगळं ऐश्वर्य म्हणजे एका तरुण बौद्ध भिक्षूचं स्वप्न होतं असं कळतं, तेव्हा वाचक हलतो. पण वर्गाबद्दल तिला काही विचारायचंच नाहीये. दर्जा मोडला नाही, तर प्रेम कितीही करा, असा तो हिशेब आहे.

आता नामवनला जाऊ. दक्षिणेकडच्या जोल्ला प्रांतातलं हे गाव, तिथला ग्वांगहल्लू नावाचा सज्जा, आणि वसंत सरताना येणारा दानो सण. सोळा वर्षांची चुनह्यांग झोका घेते आहे. गावच्या दंडाधिकाऱ्याचा मुलगा ई मोंग-न्योंग तिला लांबून बघतो. हीच ती 'चुनह्यांगजोन', कोरियातली सगळ्यात लाडकी प्रेमकथा. ती आधी गायली गेली आणि मग छापली गेली. एक गायक, एक ढोलकवाला, आणि कित्येक तास चालणारं गायन-कथन, ही पानसोरीची परंपरा. एकेकाळी पानसोरीत बारा आख्यानं होती, आज पाच गायली जातात, त्यांतलं हे एक. 1754 साली यु जिन-हान या पंडिताने ते चिनी काव्यात उतरवलं, तो आज हाती असलेला सगळ्यात जुना पाठ. पुढे शंभराहून अधिक पाठ तयार झाले.

चुनह्यांगची आई वोलमे निवृत्त गिसेंग आहे. इथे मराठीत लिहिताना माझी पंचाईत होते. गिसेंगला काय म्हणायचं? कलावंतीण म्हटलं तर तिचं गाणं, नाच, कविता, बोलण्यातली चतुराई दिसते, आणि ते सगळं खरंच होतं. पण गिसेंग सरकारी मालकीची असे. कचेरीच्या वहीत तिचं नाव असे, दर्जाने ती सगळ्यात खालच्या वर्गात, गुलामांच्या रांगेत मोडे, आणि तिच्या मुलीचं नावही त्याच वहीत जाई. त्यासाठी आपल्याकडे पेशवाईतला शब्द आहे, बटीक. पण बटीक म्हटलं की कविता पुसली जाते. दोन्ही शब्द एकदम म्हणता आले तरच गिसेंग कळेल. रेशमी कपडे घालणारी, मोठमोठ्या विद्वानांशी काव्याच्या जुगलबंद्या करणारी, आणि तरी हुकूम आला की उठून जावं लागणारी बाई.

बाप कोणी का असेना, आई खालच्या दर्जाची असेल तर मूल खालचं. हा नियम डोक्यात ठेवूनच ही गोष्ट ऐकायला हवी.

मोंग-न्योंग आपला नोकर बांगजा याला पाठवतो. जा, त्या मुलीला बोलावून आण. जोन्जूला छापल्या गेलेल्या प्रसिद्ध पाठात चुनह्यांग काय करते? ती जात नाही. मी काही सध्या सेवेत असलेली गिसेंग नाही, गृहस्थाच्या घरातल्या मुलीला असं हाक मारून बोलावता येत नाही, आणि बोलावलं तरी मी येणार नाही, अशा अर्थाचं ती बांगजाला ऐकवते. मोंग-न्योंगला मग निरोप बदलावा लागतो. तुला गिसेंग समजून नाही, तू लिहिण्या-वाचण्यात हुशार आहेस असं ऐकलं म्हणून भेटायचं आहे, असा तो दुसरा निरोप. आता ती येते. माझ्या मते हा त्यांच्या प्रेमातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे, पुढच्या शृंगारापेक्षाही. एका यांगबान मुलाने गिसेंगच्या मुलीचा नकार ऐकला, आणि शिपाई न पाठवता वाक्य बदललं.

अर्थात पोरगा काही संत नाही. वडिलांची राजधानीत बढती होते. आई त्याला बजावते की लग्नाआधीच परगावी रखेल ठेवल्याचा बभ्रा झाला तर सगळं भवितव्य बुडेल. हा निमूट ऐकतो आणि रडत रडत चुनह्यांगकडे येतो. यावर ती पदर डोळ्याला लावत नाही. घागरा फाडते, आरसा फोडते, आणि काय काय वचनं दिली होतीस ती आठव म्हणते. काही पाठांमध्ये तर तिने सुरुवातीलाच त्याच्याकडून कागद लिहून घेतलेला असतो, तुला विसरणार नाही असा लेखी करार. मला हा तपशील फार आवडतो. लोकांना तो हिशेबी वाटतो, प्रेमाला शोभत नाही असं वाटतं. पण जिच्या आईचं अख्खं आयुष्य एका सरकारी वहीतल्या नोंदीने ठरवलं, ती मुलगी कागदाची ताकद ओळखणार नाही तर कोण ओळखणार? लग्न तिला मिळणार नव्हतं. निदान सही तरी.

मग नवा दंडाधिकारी येतो, ब्योन हाक-दो. आल्या आल्या तो गिसेंगांची हजेरी घेतो. पानसोरीत हा सीन मजेशीर आहे. एकेक नाव, त्या नावाला साजेशी अलंकारिक ओळ, एकेक जण ठुमकत येते आणि हजर म्हणते. श्रोते हसतात. पण चाललंय काय, तर मालाची मोजणी. यादी संपते तरी चुनह्यांग येत नाही. तिचं नाव वहीत नाही, तिने आधीच्या साहेबांच्या मुलाला शब्द दिला आहे, असं कारकून सांगतात. ब्योन तिला तरीही बोलावतो आणि आपल्या सेवेत, म्हणजे शय्येवर, यायला सांगतो.

ती नाही म्हणते. त्यावर कचेरीत हशा पिकतो. गिसेंगच्या जातीला कसलं आलंय पातिव्रत्य? इथून पुढची जुगलबंदी मुळातून वाचावी अशी आहे. निष्ठेला वरचं-खालचं असतं का, असा तिचा सवाल आहे. ती वेगवेगळ्या प्रांतांतल्या निष्ठावान गिसेंगांची नावं घेते, त्यात जिन्जूच्या नोनगेचंही. 1593 साली जपानी सेनापतीला मिठी मारून नदीत उडी घेतली असं जिच्याबद्दल सांगतात ती नोनगे. मग ती थेट अधिकाऱ्यालाच विचारते की देशावर वेळ आली तर तुम्ही दुसऱ्या राजापुढे गुडघे टेकणार का? आणि विवाहित स्त्रीवर जबरदस्ती करणं हा गुन्हा नाही तर काय आहे?

या ठिकाणी आजचा वाचक, विशेषतः वाचिका, थोडी अस्वस्थ होते. तेही रास्तच आहे. एका पुरुषासाठी, तोही पळ काढलेला, चाबकाचे नाही तर काठीचे फटके खाणारी सती-सावित्री. यात बंड कुठलं? छापील पाठाच्या नावातच तिला पतिव्रता म्हटलं आहे. जोसोन सरकारला हव्या असलेल्या आदर्श स्त्रीची ही जाहिरात नाही का?

याचं उत्तर शोधायला पातिव्रत्याचा कायदा बघावा लागतो. हो, कायदा. 1477 साली दरबारात ठरलं आणि 1485 च्या 'ग्योंगगुक देजोन' या संहितेत पक्कं झालं, की पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांना वरच्या सरकारी परीक्षा देता येणार नाहीत. रखेलींच्या वंशजांनाही त्याच संहितेने या परीक्षांपासून दूर ठेवलं. म्हणजे पातिव्रत्य ही मनातली भावना तर होतीच, शिवाय ती यांगबान घराची मालमत्ता होती. ती सांभाळली तर मुलाला नोकरी. त्यामुळे ज्यांच्या मुलांना परीक्षा मुळातच बंद होत्या, त्या खालच्या बायकांकडून पातिव्रत्याची अपेक्षाच नव्हती. अपेक्षा नव्हती म्हणजे सवलत होती असं नाही. त्यांचं शरीर सगळ्यांना खुलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या जगात चुनह्यांगला नकार द्यायचा आहे. कुठल्या भाषेत देणार? 'मला नको' हे कारण कोणाच्याच कायद्यात नाही. वरच्या वर्गाच्या बायकांना ज्या एका कारणाखाली परपुरुषाला नाही म्हणता येतं ते कारण ती उचलते. माझा नवरा आहे. शस्त्र त्यांचंच, फक्त ते तिच्या हातात असायला नको होतं. म्हणून ब्योनला राग येतो. हिने नकार दिला यापेक्षाही, नकार देताना हिने आमच्या घरातल्या बायकांचा शब्द वापरला, याचा.

मग फटके. पानसोरीत याचं एक स्वतंत्र गाणं आहे, दहा फटक्यांचं. पहिला फटका पडला की ती 'एक' या आकड्यावरून काहीतरी म्हणते, दुसऱ्याला 'दोन'वरून, असं पुढे पुढे. ज्याला मोजायचं आहे तो शिपाई काठी मोजतो आहे, आणि ही प्रत्येक आकडा त्याच्याकडून हिसकावून घेते. इम क्वोन-तेक यांच्या 2000 सालच्या 'चुनह्यांग' सिनेमात हे दृश्य जसंच्या तसं गायकाच्या आवाजावर बांधलं आहे. कान महोत्सवाच्या स्पर्धेत निवडला गेलेला तो पहिला कोरियन सिनेमा. दोन तास काढून बघा, आणि त्या गाण्यापाशी फोन बाजूला ठेवा.

या गोष्टीचे पाठ एकमेकांशेजारी ठेवले की आणखी एक गंमत दिसते. कोडची दोन वर्जन शेजारी लावून फरक बघायची आमच्या धंद्यात सवय असते, तसंच. काही पाठांत चुनह्यांग सरळ सरळ गिसेंग आहे, वहीत नाव असलेली. काही पाठांत बाप यांगबान आहे, तिचं नाव वहीत कधी चढलंच नाही, आणि ती घरातच पुस्तकं वाचत वाढली आहे. वर ज्या छापील पाठातले प्रसंग सांगितले तो या दुसऱ्या जातीचा. पानसोरी गाणारे कलाकार स्वतः समाजाच्या तळातले होते. एकोणिसाव्या शतकात यांगबान रसिक त्यांना आश्रय द्यायला लागले आणि गाण्याची भाषा चिनी संदर्भांनी जड होत गेली. त्याच ओघात नायिकाही वर सरकली असं म्हणायला जागा आहे. नायिका जितकी वरची, तितका तिचा नकार सभ्य श्रोत्यांना पचायला सोपा. 1892 साली पॅरिसमध्ये होंग जोंग-उ या कोरियन माणसाच्या मदतीने रॉनी या लेखकाने फ्रेंच रूपांतर केलं, तेव्हा तर ती साध्या घरातली मुलगी झाली आणि नायक तिला भेटायला बाईचा वेष घेऊ लागला. गिसेंगच गायब. (हा होंग जोंग-उ म्हणजे दोन वर्षांनी शांघायमध्ये सुधारणावादी नेता किम ओक-ग्यून याचा खून करणारा माणूस. प्रेमकथेच्या भाषांतरकाराबद्दल असं काही वाचायला मिळेल अशी आपली अपेक्षा नसते.)

मला पहिल्या जातीचे पाठ जास्त खरे वाटतात. चुनह्यांग 'मुळात चांगल्या घरची' आहे असं एकदा सांगितलं की कचेरीतला तिचा सवालच बोथट होतो. मग ती निष्ठेला वर-खाली नसतं असं म्हणत नाही, मी खालची नाहीच असं म्हणते. या दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. मोंग-न्योंग परीक्षेत पहिला येतो, राजाचा गुप्त निरीक्षक होतो, भिकाऱ्याच्या वेषात नामवनला परततो, ब्योनच्या वाढदिवसाच्या मेजवानीत घुसतो, आणि घोड्यांची चित्रं कोरलेली राजमुद्रा उंचावून त्याची माणसं कचेरीवर तुटून पडतात. टाळ्या. पण थांबा. चुनह्यांगला गळ्यात लाकडी फळी घातलेल्या अवस्थेत समोर आणलं जातं. मान खाली, समोर कोण आहे ते तिला दिसत नाही. तेव्हा हा आपला नायक काय करतो? तोही तिला विचारतो. दंडाधिकाऱ्याला नाही म्हणालीस ते म्हणालीस, आता मी निरीक्षक आहे, माझी सेवा करशील का?

रसिक याला चेष्टा म्हणतात, परीक्षा म्हणतात. मला ते वाचताना अंगावर काटा येतो. ती मरणाच्या दारात आहे आणि सत्ता बदलली तरी प्रश्न तोच आहे, फक्त विचारणारा देखणा आहे. येणारा प्रत्येक अधिकारी असाच, असं उद्वेगाने म्हणून ती मला मारून टाका म्हणते. ओळख पटायच्या आधी तिने दिलेला हा शेवटचा नकार तिच्याच प्रियकराला दिलेला आहे. गाणाऱ्यांनी हे जाणूनबुजून ठेवलं की नुसती नाट्यमयता म्हणून, कोण जाणे. पण ज्या गोष्टीची सुरुवात मुलाने नकार ऐकून घेण्याने होते, तिच्या शेवटी त्याच मुलाच्या हातात अधिकार आल्यावर तो काय विचारतो, हे एकमेकांसमोर ठेवून बघायला हवं. मग राजा तिला पदवी देतो, ती रीतसर पत्नी होते, मुलंबाळं होतात. नियमांप्रमाणे हे होणं जवळपास अशक्य होतं. श्रोत्यांना तेच हवं होतं.

जिथे राजा पदवी द्यायला येत नाही अशी गोष्ट वाचायची असेल तर 'उनयोंगजोन'. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, चिनी लिपीत लिहिलेली, लेखक अज्ञात. 1592 ते 1598 च्या जपानी स्वारीत राजधानी उद्ध्वस्त झाली. त्यानंतर 1601 च्या वसंतात यु योंग नावाचा एक गरीब विद्वान एका पडक्या महालात दारू पिऊन झोपतो. जाग येते तेव्हा तिथे एक तरुण आणि एक सुंदर स्त्री बसलेली असतात. दोघंही भुतं. ते आपली गोष्ट सांगतात.

महाल राजपुत्र आनप्योंगचा. हा खरा माणूस, राजा सेजोंगचा तिसरा मुलगा, उत्तम सुलेखनकार, कलांचा आश्रयदाता. 1453 मध्ये सत्तेच्या भांडणात त्याच्या सख्ख्या भावाने त्याचा बळी घेतला. कथेतला आनप्योंग दहा तरुण दासी निवडतो आणि त्यांना मोठमोठ्या ग्रंथांचं, कवितेचं शिक्षण देतो. प्रतिभा काय फक्त पुरुषांनाच मिळते का, असा त्याचा विचार. किती पुढारलेला! आणि त्याच दमात त्याचा नियम असा, की यांच्यापैकी कोणी एकदा जरी दाराबाहेर पाऊल टाकलं तर मरणाची शिक्षा, आणि बाहेरच्या कोणाला यांचं नाव जरी कळलं तरी मरणाचीच शिक्षा. चुनह्यांगला छळणारा ब्योन हा सरळ सरळ खलनायक आहे. आनप्योंग हा सुसंस्कृत मालक आहे, आणि म्हणून ही कथा जास्त भेदक. तो मारत नाही, ओरडत नाही. कविता शिकवतो आणि कुलूप लावतो.

किम नावाचा तरुण पदवीधर महालात कविता लिहायला येतो. सतरा वर्षांची उनयोंग शाई उगाळायला बसलेली असते. त्याच्या कुंचल्यातून शाईचा एक थेंब तिच्या बोटावर पडतो. ती तो पुसत नाही. बस, एवढंच. पुढे चिठ्ठ्या, मध्यस्थ, भिंतीवरून रात्रीच्या भेटी, पळून जाण्याची योजना, सगळं येतं. पण माझ्या डोक्यात तो न पुसलेला थेंबच राहिला आहे. उनयोंगला नकार देण्याचा हक्क नाही, होकार देण्याचाही नाही. कोणाच्याही परवानगीशिवाय ती एकच गोष्ट करू शकते. बोट न धुणं.

उघडकीला आल्यावर राजपुत्र तिच्यासोबत राहणाऱ्या दासींना समोर उभं करतो. एकेक जण आपली जबानी लिहून देते, आणि हा भाग जुन्या कोरियन गद्यातल्या सगळ्यात धीट पानांपैकी असावा. उनसोम नावाची दासी लिहिते की स्त्री-पुरुषांची ओढ ही निसर्गानेच दिलेली आहे आणि ती उच्च-नीच सगळ्यांना सारखीच असते. मग आम्हालाच एका महालात कोंडून का ठेवलं आहे? मैत्रिणीचा गुन्हा नाकारणं हा सोपा मार्ग होता. त्या गुन्हा नाकारत नाहीत, त्याला गुन्हा म्हणायलाच नकार देतात. मालकाने शिकवलेलं सगळं व्याकरण, सगळी तर्कशुद्धता त्या मालकावरच उलटवतात. राजपुत्राचा राग निवळतो. पण उनयोंगला वेगळ्या दालनात कोंडलं जातं आणि त्याच रात्री ती गळफास घेते.

इथे थांबून कथेला सलाम करायला मी तयार आहे. फक्त एक माणूस आडवा येतो. किमचा गुलाम, तेउक.

किमला भिंत ओलांडता येत नाही म्हणून घडीची शिडी बनवतो तो तेउक. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून लोकरीचे मोजे देतो तोही तेउक. या प्रेमाची सगळी तांत्रिक बाजू तो सांभाळतो. पण मग कथा त्याला लोभी करते. उनयोंगचं धन बाहेर काढायला सांगून ते हडपण्याचा, मालकाला मारून तिलाही पळवण्याचा त्याचा बेत असतो. त्याच्याच तोंडून बातमी फुटते. तिच्या मृत्यूनंतर मंदिरात तिच्यासाठी प्रार्थना करायला पाठवलं तर तिथेही तो मौजमजा करतो. शेवटी किम बुद्धापुढे त्याच्या मरणाची प्रार्थना करतो, आणि सात दिवसांनी तेउक विहिरीत पडून मरतो. मग किमही अन्न सोडून प्राण सोडतो.

असा दुष्ट गुलाम असू शकत नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या कथेने दासींच्या मनात शिरून त्यांची बाजू इतक्या सामर्थ्याने मांडली, तिला गुलामाच्या मनात फक्त चोरी दिसली, हे डोळ्यात येतं. पानसोरीचं तसं नाही. तिथे बांगजा मालकाची टर उडवतो. गाणारेच खालचे होते ना. तरी चुनह्यांगची दासी ह्यांगदान तिथेही फक्त कंदील धरते, पेज नेते, रडते. 2010 मध्ये 'बांगजाजोन' नावाचा कोरियन सिनेमा आला, त्यात नोकरालाच नायक केलं होतं. 

1801 साली राजवाड्याच्या आणि मध्यवर्ती कचेऱ्यांच्या 66 हजारांहून अधिक गुलामांना मुक्त करण्यात आलं आणि त्यांच्या वह्या जाळण्यात आल्या. गावोगावच्या कचेऱ्यांमधले गुलाम त्यात नव्हते. 1894 च्या सुधारणांनी गुलामी कायद्याने संपवली, आणि त्याच सुधारणांनी विधवांना पुन्हा लग्न करायची मोकळीकही दिली. चुनह्यांगच्या गोष्टीतल्या दोन्ही बेड्या, वहीची आणि पातिव्रत्याची, कागदावर तरी एकाच वर्षी निघाल्या.

'उनयोंगजोन'च्या शेवटी यु योंगला पहाटे जाग येते. भुतं निघून गेलेली असतात, किमने लिहून ठेवलेलं पुस्तक तेवढं तिथे पडलेलं असतं. तो ते बाहीत घालून घरी नेतो, पेटीत लपवतो, अधूनमधून काढून वाचतो, आणि एक दिवस डोंगरात निघून जातो. पुस्तकात दासींच्या जबान्या आहेत, उनयोंगची आहे. तेउकची जबानी घेतलेली नव्हती.